हलकी चाकं

३ नोव्हेंबर

साडूबुवा,

धाप अजून ओसरली नाही, तशातच नमस्कार घ्या.

काल टेकडीवरच्या पाण्याच्या टाकीचा चढ तुम्ही ज्या झपाट्याने चढलात ते आठवून मी अजून तोंडात बोटं घालून बसलोय. दुसऱ्या वळणापर्यंत तुमची पाठ दिसत होती, मग तीही गेली. (चष्म्याचा दुकानदार बिनचष्म्याने सायकल चालवतो हे गावभर करू नका. घामाने काचा धुरकटतात, दुसरं काही नाही.) मी वर पोचलो तेव्हा तुम्ही बाटली रिकामी करून, बूट काढून, कठड्यावर पाय पसरून बसलेले. जसं काही तिथेच भाड्याने राहता.

आजवर कसं उलटं असायचं. वर मी थांबायचो आणि तुम्ही पोट सावरत, आपल्या सासऱ्यांचा उद्धार करत यायचात, की यांच्या पोरी केल्या नसत्या तर हा साडू नशिबी आला नसता. मला त्या शिव्या ऐकायची सवय झाली होती हो.

पत्र नेहमीप्रमाणे तुमच्या लिफ्ट कंपनीच्या पत्त्यावर टाकतोय. घरी फोन केला की दोघी बहिणी मधे येतात आणि आपलं बोलणं तसंच राहतं. एकीला शिंक आली की दुसरी रुमाल शोधते.

आता जरा गंभीर बोलतो. गेल्या वर्षी माझ्या छातीत ती स्प्रिंग बसवली तेव्हा डॉक्टर म्हणाला, सायकल चालवा, पण अंदाजाने. अंदाज कशावरून घ्यायचा ते काही बोलला नाही. म्हणून तुम्हाला ओढत सायकलच्या दुकानात नेलं होतं. एकाच दिवशी, एकाच बनावटीच्या, त्याच्याकडच्या सगळ्यात साध्या दोन रेसिंग सायकली घेतल्या आणि काउंटरवर हात ठेवून ठरवलं की टायर-ट्यूब फाटली तर बदलायची, बाकी एक स्क्रूही बदलायचा नाही. तुम्हाला वाटलं, म्हातारा चिक्कू आहे. चिक्कू नव्हतो, मला मोजपट्टी हवी होती. तुम्ही माझ्यापेक्षा लहान, धडधाकट, दिवसभर लिफ्टच्या मागे जिने चढणारे. सायकल तीच, रस्ता तोच. तुम्ही दर दोन महिन्यांनी सायकल घेऊन इकडे येणार आणि तसेच राहणार. मग मी तुमच्या किती पुढे किंवा मागे, त्यावरून माझं काळीज कसं चाललंय ते मला कळणार. हे तुम्हाला कधी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तुम्ही मुद्दाम काहीतरी करून बसला असतात.

तर काल मोजपट्टीने काय ते सांगितलं. पुढच्या महिन्यातली तपासणीची वेळ घेतलीय, ती पट्ट्यावर पळवतात ती. तुमच्या अक्काला यातलं काही बोलू नका. ती आधीच घाबरट.

मोठ्या मनाने हरलेला,
तुमचा थोरला साडू


८ नोव्हेंबर

दादा,

तुमचं पत्र मिळालं. तुम्ही उगीच मनाला लावून घेताय.

एक दिवस एखादा पुढे जातो, एक दिवस मागे राहतो. गेल्या महिन्यात आमच्याकडे एका उंच इमारतीच्या दोन्ही लिफ्ट एकदम बंद होत्या. रोज हत्यारांची पिशवी घेऊन वरपर्यंत चढलो. पाय त्यानेच बनले असतील. शिवाय त्या दिवशी वारा पाठीमागून होता. तुम्हालाही झोप नीट झाली नव्हती, तुम्हीच म्हणाला होतात.

आणि मोजपट्टी म्हणून मी काही फार खात्रीचा माणूस नाही, दादा. माझं वजन दर महिन्याला वेगळं, मूड दर तासाला वेगळा. माझ्यावरून कसला अंदाज घेता? लगेच तपासणी वगैरेची घाई करू नये असं मला वाटतं. थोडे दिवस जाऊ द्या.

बाकी ठीक. घाईत आहे.

तुमचा धाकटा साडू


१० नोव्हेंबर

लिफ्टराव,

मी तुम्हाला पत्र लिहितेय म्हणजे काहीतरी बिनसलंय एवढं कळलं असेलच. फोन करत नाही. आमच्या धाकटीच्या तोंडात तीळ भिजत नाही, आणि ही गोष्ट तुमच्या बायकोला कळायला नको.

तुमच्या सायकलची चाकं नवी आहेत.

नाही म्हणू नका. तुमचे साडू चष्मे विकतात, पण घरात डोळे माझे चांगले आहेत. तुम्ही आंघोळीला गेलात तेव्हा दोन्ही सायकली अंगणात भिंतीला टेकवलेल्या होत्या आणि मी तिथेच कपडे वाळत घालत होते. यांच्या चाकाच्या तारा गोल आणि दाट. तुमच्या चपट्या आणि विरळ. शिवणकामात जन्म गेलाय माझा, सुई गोल की चपटी हे मला हात न लावता कळतं. वर कडेला लेबल खरवडल्याचा चिकटा. सरळ काम असतं तर लेबल कशाला खरवडलं असतंत?

तेव्हा मी गप्प बसले. म्हटलं, पुरुषांचे पोरखेळ, आपण कशाला पडा. पण तुम्ही गेल्यापासून या घरात काय चाललंय ते ऐका. हे मनगटावर दोन बोटं ठेवून बसलेले असतात. जेवताना घास हातात, आणि दुसऱ्या हाताने नाडी मोजतात. परवा एका बाईंना म्हणाले, चष्मा महिन्याने बदलून देईन, मी असलो तर. ती बाई बिचारी हसली, तिला वाटलं विनोद. काल मला कपाटापाशी बोलावलं आणि कोणती किल्ली कशाची ते समजावून सांगायला लागले. मी म्हटलं, मला कशाला सांगता? तर म्हणाले, तुला नको सांगू तर कोणाला सांगू. मी मोरीत जाऊन रडले.

शर्टाला इस्त्री करताना खिशात तपासणीचं कार्ड सापडलं. मागच्या वेळी असेच सकाळी हसत तपासणीला गेले आणि संध्याकाळी ऑपरेशनच्या खोलीत होते. ती तपासणी मला पुन्हा नको. आणि आता हे कशापायी? तुमच्या चपट्या तारांपायी.

त्यांना खरं सांगा असं मी म्हणत नाही. तुमच्यावर त्यांचा जीव आहे, सांगितलंत तर तो तुटेल. जुनी चाकं टाकली नसतील तर ती परत बसवा, आणि काहीतरी निमित्त काढून या. त्यांना पुढे जाऊ द्या. एकदा वर पहिले पोचले की माणूस ताळ्यावर येईल.

केलंत तुम्ही, निस्तरा तुम्ही.

अक्का


१४ नोव्हेंबर

अक्का,

तुमचं पत्र जेवणाच्या सुट्टीत उघडलं आणि डबा तसाच घरी नेला.

चाकं नवी आहेत. जुनी माळ्यावर आहेत, टाकली नाहीत. एवढं आधी सांगतो म्हणजे तुमचा जीव भांड्यात पडेल.

मी ब्रेकची वायर घ्यायला गेलो होतो, बाकी डोक्यात काही नव्हतं. ही चाकं दुकानात छताला टांगलेली. दुकानदाराने एका हातात माझं चाक दिलं आणि दुसऱ्या हातात ते. अक्का, माझं म्हणजे भरलेली बादली आणि ते म्हणजे रिकामी. फिरवलं तर थांबायचं नावच घेईना. मी म्हटलं, नको, आमचं ठरलंय. दुकानदार म्हणाला, बरं, आणि परत टांगायला निघाला. त्याला मीच थांबवलं.

तुम्हाला वाटत असेल, एवढा कसला हव्यास? आमच्या कामावर सगळ्यांना माहीत आहे की मी दर खेपेला हरतो. छातीत स्प्रिंग बसवलेला माणूस तुला हरवतो, म्हणून ते हसतात. मीही हसायचो. पण आत कुठेतरी ते कुरतडत होतं. एकदाच पुढे जायचं होतं, एकदाच. मग परत जुनी बसवणार होतो, खरंच.

लपवायला काय काय केलं ते लिहायचीही लाज वाटते. कडा रुंद म्हणून ब्रेक नव्याने लावून घेतले. बायकोचं केस वाळवायचं यंत्र घेऊन लेबलं गरम केली आणि नखाने काढली. या चाकांची टकटक मोठी असते, पाय थांबवले की मागे टोळ लागल्यासारखी. दादांना ती ऐकू गेली असती. म्हणून आत जाड ग्रीस भरून तिचं तोंड बंद केलं. घरी विचारलं तर सांगितलं, पंक्चर काढायला टाकली होती. इतकी मेहनत मी कंपनीच्या लिफ्टवर केली असती तर आज साहेब असतो.

आणि वर पोचल्यावर मला केवढा आनंद झाला होता, माहीत आहे? दादा शेवटच्या वळणावरून आले तेव्हा त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता. ते सायकलवरून उतरले आणि हँडलवर डोकं टेकून उभे राहिले. मी मनात म्हटलं, वा, काय चाकं आहेत. अक्का, त्या माणसाकडे बघून माझ्या मनात हे आलं.

पुढच्या शनिवारी जुनी चाकं लावून येतो. हिला सांगितलंय की तुमच्या शिलाई मशीनची मोटर बघायची आहे. तुम्हीही तेच सांगा.

तुमचा अपराधी,
लिफ्टराव


२६ नोव्हेंबर

साडूबुवा,

पाय दाबून घेताय की नाही? घ्या, घ्या. हरलेल्या माणसाने लाजू नये, हे मी स्वतःच्या अनुभवावरून सांगतो.

काय तो रविवार! पहिल्या वळणाला आपण बरोबर होतो. दुसऱ्याला मी पुढे. मग तुमची साखळी पडली, ती तुम्ही बसवलीत, पुन्हा पडली. आता तुम्ही म्हणाल साखळीने घात केला. पण साखळी पडायच्या आधीच मी पुढे होतो, हे तुम्हीही देवाला स्मरून कबूल कराल. तुमच्या सायकलकडे जरा लक्ष द्या हो, लोकांच्या लिफ्टना तेल घालता आणि स्वतःची साखळी कोरडी.

टाकीपाशी पोचलो आणि खाली बघितलं. तुम्ही वळणावर कुठेतरी ठिपक्यासारखे. खरं सांगू? मला रडू आलं. तुम्ही वर आलात तेव्हा मी तोंड पुसत होतो, तो सगळा घाम नव्हता. तीन आठवडे मी रोज रात्री कुशीवर वळताना मनात म्हणायचो की बाबा, एवढी रात्र काढ. असं कोणाला सांगायचं? बायकोला सांगितलं तर ती झोपायची नाही. तुम्हाला सांगितलं तर तुम्ही विनोद कराल. पण आता सांगायला हरकत नाही, कारण आता ते गेलं. उतारावर वारा तोंडावर घेत खाली आलो तेव्हा मी पुन्हा पूर्वीचा झालो होतो.

वर पोचल्यावर जबडा थोडा दुखत होता, संध्याकाळपर्यंत. चढताना दात आवळले असणार. तुम्हाला हरवायचं म्हणजे दात आवळावेच लागतात.

तपासणीची वेळ रद्द केली. ती मुलगी फोनवर म्हणाली, पुढची कधी देऊ? म्हटलं, गरज पडली तर कळवतो. अक्काने त्या दिवशी काय स्वयंपाक केला होता हो, आणि स्वतः दोनदा वाढलं. तिला काही माहीत नाही, पण बाईमाणसाला घरातली हवा कळते.

तुम्ही आहात म्हणून मला माझा पत्ता लागतो, साडूबुवा. हे एकदा लिहून ठेवायचं होतं.

विजयी,
तुमचा थोरला साडू


६ डिसेंबर

अक्का,

हे पत्र हातात पडलं की पहिलं काम करा. दादांना तपासणीला न्या. का ते खाली लिहितो, पण आधी ते ठरवा आणि मग वाचा.

आम्ही ज्या बहुमजली पार्किंगच्या लिफ्ट बघतो ते पहाटे रिकामं असतं. चार मजले नुसता चढ, फिरत फिरत गच्चीपर्यंत. काल मी सायकल तिथे नेली. दोन्ही जोड घेऊन गेलो. मनाला सारखी टोचणी लागली होती, म्हटलं, बघू तरी आपण दादांना किती फसवलं. आधी नवी चाकं लावून वर गेलो. मग तिथेच बसून जुनी लावली, दम खाल्ला, आणि पुन्हा वर गेलो. घड्याळ लावून.

फरक जवळजवळ नाहीच, अक्का. एक-दोन श्वासांचा. मला वाटलं, चूक झाली. पुन्हा नवी, पुन्हा जुनी. तेवढंच.

आणि मग मला माझीच कीव आली. आठ माणसं भरलेल्या लिफ्टमधून एकाने हातातली पिशवी बाहेर ठेवली तर मोटरला काही कळत नाही. हे मी इतकी वर्षं सोसायट्यांच्या मीटिंगमध्ये लोकांना समजावत आलोय. सायकल, मी, माझं पोट, सगळं मिळून वर न्यायचं आणि त्यातून ही चाकं फक्त पिशवीभर कमी करतात. हातात घेतली तर केवढी हलकी वाटली होती. रस्त्यावर तो हलकेपणा कुठल्या कुठे जातो.

मग त्या पहिल्या रविवारी दादा एवढे मागे कसे राहिले? मी बाटली संपवली, बूट काढले, मोजे झटकले, तरी ते आले नव्हते. तो वेळ चाकांचा नव्हता. मी तर होतो तसाच होतो. त्यांची मोजपट्टी बरोबर सांगत होती, अक्का, त्यांनी बरोबर वाचलं होतं आणि तपासणीची वेळही घेतली होती. आपण दोघांनी मिळून त्यांना खोटं पाडलं. दुसऱ्या खेपेला तर मी अर्धा जीवही लावला नव्हता. साखळी मी स्वतःच्या बोटांनी पाडली. आणि ते जबडा दुखला म्हणून लिहितात. मला जबड्याचं ठाऊक आहे, आमचा एक वायरमन जबडा दुखतो म्हणत म्हणत गेला.

काल तुमच्याकडे फोन लावला. दादाच होते. ‘बोला साडूबुवा’ म्हणाले, इतक्या खुशीत. मी थंडी कशी आहे ते विचारलं आणि ठेवून दिला. माझ्याकडून होत नाही. तुम्ही न्या त्यांना, काहीही सांगून न्या.

लिफ्टराव


१० डिसेंबर

लिफ्टराव,

पत्र काल दुपारी मिळालं. रात्री जेवणं झाल्यावर विषय काढला.

ते हसले. म्हणाले, टाकी चढून पहिला आलेल्या माणसाचं काय तपासणार? मी म्हटलं, जबडा दुखला होता ना. तर म्हणाले, तुझ्याशी इतकी वर्षं बोलून दुखला असेल. मी हट्टच धरला, तेव्हा जरा चिडले. ‘पंधरा दिवसांपूर्वी मी बरा झालो म्हणून तू खूश होतीस. आता काय झालं? तुला माहीत असलेलं असं काय आहे, जे मला माहीत नाही?’ असं सरळ माझ्याकडे बघून विचारलं.

माझ्याजवळ एकच उत्तर होतं. ते दिलं नाही. मी म्हटलं, काही नाही, आपली मला काळजी वाटते. ते म्हणाले, काळजी करायला पैसे पडत नाहीत, कर.

तुम्हाला मीच सांगितलं होतं जुनी चाकं लावा म्हणून. हे मी विसरलेले नाही.

या रविवारी तुम्ही या. आपण दोघं समोर बसून सांगू. एकटीने माझ्याने होत नाही.

अक्का


९ जानेवारी

दादा,

हे पत्र वाचायला बसाल तेव्हा उशी पाठीला नीट लावून घ्या. अक्कांना विचारून लिहितोय. डॉक्टर म्हणाले की आता वाचायला, बोलायला हरकत नाही.

त्या रविवारी अक्कांनी मला बोलावलं होतं. मी कळवलं की कामावर अडकलोय. अडकलो नव्हतो. घरी बसून होतो, सायकलकडे पाठ करून. तुम्ही एकटेच टाकीकडे निघालात आणि दुसऱ्या वळणावर पडलात. तो पाण्याचा टँकरवाला वरून येत नसता तर मी हे पत्र कोणाला लिहिलं असतं, याचा विचार मी रोज करतो. तुमची छाती उघडली होती तेव्हा मी बाहेर बाकावर होतो. धाकटीने मला चहा आणून दिला आणि म्हणाली, किती जीव आहे तुमचा दादांवर. तो चहा मी बाकावर शेजारी बसलेल्या माणसाला दिला.

तुम्हाला बाहेरच्या खोलीत आणलं त्या दिवशी तुम्ही माझा हात धरलात. म्हणालात, त्या दिवशी तुम्ही आला नाहीत ते बरंच झालं, तुमच्यासमोर पडलो असतो तर लाज वाटली असती. मी हात सोडवून पाण्याचा तांब्या भरायला गेलो. तांब्या भरलेलाच होता.

तर ऐका. नोव्हेंबरात मी तुमच्यापुढे गेलो तेव्हा माझ्या सायकलला नवी, हलकी चाकं होती. आपलं ठरलेलं असताना मी ती चोरून लावली. तुम्ही मागे पडलात ते चाकांमुळे असं मी धरून चाललो, आणि तुमचं पत्र आल्यावर तपासणीची घाई करू नका असं लिहिलं. ते तुमच्या काळजीने लिहिलं नव्हतं, चोरी उघडी पडू नये म्हणून लिहिलं होतं. मग अपराधी वाटलं म्हणून पुढच्या खेपेला मुद्दाम हरलो. साखळी मी पाडली. तुम्ही रडलात त्या दिवशी मी वळणावर सायकल हातात धरून उभा होतो, तुम्ही वर पोचायची वाट बघत. नंतर मी मोजून पाहिलं. चाकांनी काहीच फरक पडत नाही. फरक तुमच्या छातीत होता आणि तो तुम्हाला माझ्या आधी कळला होता. हे मला पाच डिसेंबरला कळलं होतं. तुम्ही पडलात चौदाला. मधे एकदा फोनवर तुम्ही होतात आणि मी थंडीचं बोललो.

अक्कांना हे माहीत होतं. मी त्यांचं नाव घेणार नव्हतो. त्या म्हणाल्या, माझंही लिहा, नाहीतर मी स्वतः लिहीन. जुनी चाकं लावून हरा, हे त्यांनी मला सांगितलं होतं. पण त्यांना वाटलं होतं की तुम्ही बरे आहात आणि मी तुम्हाला उगीच घाबरवलंय. पहिलं खोटं माझं. ते नसतं तर त्यांच्यावर दुसऱ्याची वेळ आली नसती.

माफ करा असं लिहीत नाही. नुकत्याच उठून बसलेल्या माणसाकडे आणखी काही मागायचं तोंड मला नाही.

तुमचा,
काय लिहू, साडूच


२० जानेवारी

साडूबुवा,

अक्षर वाकडं येतंय, सांभाळून घ्या. छातीला टाके असले की हातही बिचकतो.

तुमचं पत्र वाचून दोन दिवस मी अक्काशी बोललो नाही. तिने चहा ठेवायचा, मी प्यायचा. तिसऱ्या दिवशी ती माझ्यासमोर येऊन बसली आणि म्हणाली, ओरडा तरी. मग ओरडलो. टाके दुखले. आता तिच्याशी बोलतो. तुमच्यावर ओरडायचं राहिलंय, ते इथे करतो.

चाकांचं मला काही वाटत नाही. दुकानदाराने ती माझ्या हातात दिली असती तर मीही घेतली असती, आणि लेबलं तुमच्यापेक्षा सफाईने काढली असती. तुम्ही मला एकदा हरवायला बघितलंत, यात मला खरं तर मान वाटला. पण दुसरा रविवार मला पचत नाही.

आमच्या धंद्यात एक प्रकारचं गिऱ्हाईक असतं. खुर्चीवर बसून वाट बघता बघता भिंतीवरचा अक्षरांचा तक्ता पाठ करतं. मग डोळा झाकून विचारलं की धडाधड शेवटची ओळ म्हणून दाखवतं. मला खूश करायला, किंवा स्वतःला. ते गिऱ्हाईक चुकीचा नंबर घेऊन घरी जातं आणि जिन्यावरून पडतं. इतकी वर्षं मी अशांना ओळखून तक्ता बदलायचो. तुम्ही मला पाठ केलेला तक्ता वाचून दाखवलात आणि मी तुम्हाला ओळखलं नाही. का, तर मला तेच ऐकायचं होतं.

वर टाकीपाशी मी रडलो होतो ना, तो माझ्या आजारानंतरचा सगळ्यात सुखाचा दिवस होता. आता तो आठवला की काय करू ते कळत नाही. टाकून देता येत नाही आणि ठेवताही येत नाही. छाती कापली तेव्हा मला गुंगी दिली होती. हे मात्र शुद्धीत असताना झालं. एवढं तुम्हाला कळावं म्हणून लिहिलं.

माफीचं मला आत्ता विचारू नका. तुमच्याशिवाय करमत नाही, हेही खरं आहे. दोन्ही खरंच आहे.

सायकल आता कायमची बंद, डॉक्टरने स्पष्ट सांगितलं. चालायला परवानगी आहे. फाटकापासून कोपऱ्यावरच्या दिव्यापर्यंत, आणि एकट्याने नाही. अक्का येते बरोबर. पण ती माझ्या पावलांकडे बघत चालते आणि मी थकायच्या आधी तीच थांबते. म्हणते, माझा गुडघा दुखतो. मी विचारलं, कोणता? तर कालचा आणि आजचा वेगळा निघाला. एवढं सगळं होऊनही ती सुधारत नाही, तिला मी काय म्हणू.

म्हणून तुम्ही या. पुढच्या शनिवारी या. फाटकापासून माझ्याबरोबर निघा आणि तुमच्या नेहमीच्या चालीने चाला. मी मागे पडलो तर पडू द्या. वळून बघू नका, बुटाची नाडी बांधायला वाकू नका. दिव्यापाशी जाऊन उभे राहा. मी येईन माझ्या वेळाने. आल्यावर मी विचारीन, किती वेळ लागला, आणि तुम्ही सांगायचं.

थोरला साडू